पकड आणि सुटका : डोंगरी सायकलच्या क्लिपलेस पेडलाचा इतिहास

एखाद्या वस्तूत काय नाही यावरून तिचे नाव पडावे, ही गोष्ट भाषेच्या इतिहासात विरळ नाही. तारेवाचून संदेश जाऊ लागला तेव्हा मराठीने त्याला 'बिनतारी' म्हटले. त्या संदेशात काय आहे हे सांगण्यापेक्षा त्याला तार लागत नाही हे सांगणे तत्कालीन मनाला अधिक अर्थपूर्ण वाटले असले पाहिजे. सायकलच्या 'क्लिपलेस' पेडलाची कथा याच जातीची आहे. पेडलाच्या पुढच्या अंगास बसवलेला धातूचा आकडा व त्यातून ओवलेला चामड्याचा पट्टा, म्हणजे टो-क्लिप, ज्याला नाही ते पेडल क्लिपलेस होय. मौज अशी की, या क्लिपरहित पेडलात बूट अडकवण्याच्या क्रियेस इंग्रजी बोलणारे सायकलस्वार 'क्लिप इन' असेच म्हणतात. नावातून क्लिप गेली, पण क्रियापदात ती शिल्लक राहिली. नवख्याचा गोंधळ येथूनच सुरू होतो.

इतर भाषांनी याच वस्तूकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहिले. फ्रेंचमध्ये तिला 'स्वयंचलित पेडल' या अर्थाचे नाव आहे. पाय दाबताच यंत्र आपोआप मिटते, हा गुण तेथे महत्त्वाचा ठरला. जर्मनांनी बूट बसताना होणारा आवाज पकडला आणि 'क्लिकपेडाल' हा शब्द घडवला. जपानीत 'बिंदिंगु पेदारु' हा शब्द रूढ आहे. त्यातील पूर्वपद जर्मन 'बिंडुंग' या शब्दाचे रूप असून ते जपानीत बर्फावरील स्कीच्या खेळाबरोबर आले होते. इटालियनमध्ये मात्र 'त्वरित सुटणारे पेडल' असा शब्दप्रयोग आढळतो. या सर्व नावांत सुटकेचा उल्लेख करणारे नाव हे एकटेच आहे, आणि डोंगरावर ज्याला सायकल चालवायची आहे त्याच्या दृष्टीने तेच नाव सर्वांत समर्पक म्हणावे लागेल.

याचे कारण विश्वसनीयता या शब्दाच्या अर्थात आहे. साखळीची विश्वसनीयता म्हणजे ती न तुटणे. तेथे अर्थ एकेरी आहे. पेडलाच्या बाबतीत तोच शब्द दोन परस्परविरोधी गुण एकाच वेळी सांगतो. पाय जेव्हा धरून ठेवावयाचा तेव्हा तो सुटता कामा नये, आणि जेव्हा सोडावयाचा तेव्हा तो धरला जाता कामा नये. स्प्रिंग घट्ट केली की पहिला गुण वाढतो आणि दुसरा घटतो. सपाट सडकेवर स्वाराला पाय काढण्याचे प्रसंग थोडे व बहुधा आगाऊ ठाऊक असलेले येतात. डोंगरवाटेवर ते अकस्मात येतात. म्हणून सडकेवर पूर्ण भरवशाचे ठरलेले पेडल डोंगरावर तितकेच भरवशाचे ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. डोंगरी पेडलाचा इतिहास मुख्यतः सुटकेच्या प्रश्नाचा इतिहास आहे आणि त्यातील बरेचसे अपयश पेडलात घडलेले नसून बुटाच्या तळाशी, चिखलाच्या थरात व सैल झालेल्या स्क्रूत घडलेले आहे, असे दाखवता येते.

हा प्रश्न सायकलहून पुष्कळ जुना आहे. घोडेस्वार पडला आणि त्याचा पाय रिकिबीत अडकून राहिला तर घोडा त्याला फरफटत नेतो, ही भीती स्वारांच्या पिढ्यांना ठाऊक होती. पाय अडकल्यास उघडणाऱ्या सुरक्षित रिकिबी इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात, विशेषतः एका अंगाने बसणाऱ्या स्त्रियांच्या खोगिरासाठी तयार होऊ लागल्या. टो-क्लिप ही एका अर्थी रिकिबीचीच भावकी. शर्यतीचे सायकलस्वार तिचा पट्टा हाताने ओढून आवळीत, आणि बुटाच्या तळाला खाच असलेली पट्टी ठोकून ती खाच पेडलाच्या कडेवर बसवीत. एवढे केल्यावर पट्टा सैल केल्यावाचून पाय मागे निघणे अशक्यच. अंतिम रेषेवरच्या झुंजीत हे बंधन हितकारक, पण खडकाळ वाटेवर तेच घातक होते.

क्लिपवाचून पाय अडकवण्याचा पहिला प्रयत्न ऱ्होड आयलंडमधील चार्ल्स हॅन्सन याने १८९५ मध्ये केल्याचे सांगितले जाते. बूट फिरवला की तो अडके व फिरवला की सुटे. आजच्या पेडलातील मूलभूत हालचाल तीच आहे. तथापि तिला अनुयायी मिळाले नाहीत. त्यानंतरचे उल्लेखनीय नाव चिनो चिनेल्ली यांचे. १९४३ सालची मिलान-सान रेमो शर्यत जिंकलेल्या या स्वाराने पुढे कारखाना काढला आणि त्याचे एम-७१ हे पेडल १९७० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. बूट खोबणीत सरकवल्यावर तो घट्ट बसे, परंतु सोडवण्यासाठी खाली वाकून हाताने खटका ओढावा लागे. त्याला मृत्यूचे पेडल असे टोपणनाव पडले, यात आश्चर्य नाही. पकडीच्या दृष्टीने ते निर्दोषच होते.

सुटकेचा विचार मुळापासून झाला तो स्कीच्या क्षेत्रात. घसरणारा माणूस पडताना त्याची लांब पट्टी पायाला तरफेसारखी पिळते आणि नडगी मोडते. नॉर्वेहून अमेरिकेत स्थायिक झालेले हियाल्मार ह्वाम यांचा पाय १९३७ साली असाच मोडला, आणि त्यांनी ठरावीक पिळाला आपोआप सुटणारे बंधन तयार केले. फ्रान्समधील नेव्हेर येथे जाँ बेल यांनी लूक या कंपनीद्वारे हाच विचार पुढे नेला. स्कीतज्ज्ञांनी अपयशाचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले: अवेळी सुटणे आणि वेळेवर न सुटणे. स्वाराचे वजन, उंची, वय व कौशल्य यांवरून बंधनाची ताकद किती ठेवावी, याचे सर्वमान्य कोष्टकही त्या क्षेत्रात पुढे रूढ झाले. १९८३ मध्ये लूक ही कंपनी बेर्नार तापी यांच्या हाती आली, १९८४ मध्ये तिने सायकलचे पेडल काढले, आणि १९८५ मध्ये तापी यांच्याच संघातील बेर्नार इनो यांनी ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली. टाच बाहेर वळवली की पाय सुटे. हाताचे काम संपले. सडकेवरच्या शर्यतींतून टो-क्लिप काही वर्षांतच नाहीशी होऊ लागली. स्कीच्या बंधनाचे हे सोडवणारे तत्त्व सायकलीने घेतले, ताकदीचे कोष्टक मात्र घेतले नाही. या उणिवेचा उल्लेख पुढे येईल.

याच सुमारास डोंगरी सायकल वयात येत होती. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात फेअरफॅक्सजवळच्या उतारावर १९७६ च्या ऑक्टोबरात 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. या नावाची व्युत्पत्ती सांगण्याजोगी आहे. जुन्या जड सायकलींना पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापे की चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून धूर होऊन जाई, आणि तुंबा पुन्हा ग्रीसने भरावा, म्हणजे 'रीपॅक' करावा लागे. या स्वारांची पेडले रुंद, दातेरी व उघडी असत. शर्यती चढ-उताराच्या होऊ लागल्या तेव्हा काहींनी टो-क्लिप लावली. पण पाय तिच्याबाहेर असला म्हणजे क्लिप उलटी होऊन खाली लोंबे आणि दगडांना, मुळांना अडखळे. लूकचे पेडल तर येथे निरुपयोगीच होते. त्याची क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला आवळलेली पट्टी, प्लास्टिकची, मोठी व तळाबाहेर आलेली होती. डोंगरात स्वाराला वारंवार उतरून सायकल ढकलावी वा खांद्यावर घ्यावी लागते. अशा बुटाने खडकावर चालणे म्हणजे घसरण्यास आमंत्रण.

या अडचणीचे उत्तर साकाई येथील शिमानो कंपनीने १९९० मध्ये दिले. कॉलोराडोतील डुरँगो येथे डोंगरी सायकलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली तेच हे वर्ष. कंपनीचे पीडी-एम-७३७ हे पेडल दोन्ही बाजूंनी पाय घेई. पोलादी क्लीट इतकी लहान होती की ती जाड, खाचदार रबरी तळातील खळग्यात लपे. चालताना जमिनीला रबर टेके, धातू नव्हे. क्लीटचे पुढचे टोक पेडलावरील स्थिर आकड्याखाली जाते, मागचे टोक स्प्रिंगच्या जबड्यावर दाबले जाते आणि जबडा मागे सरून पुन्हा मिटतो. टाच सुमारे १३ अंश फिरली की जबडा उघडतो. या शोधाचे खरे मर्म पेडलापेक्षा बुटातील त्या खळग्यात आहे, असे म्हटल्यास चूक होणार नाही. दोन स्क्रूंची ही जागा पुढे इतर बहुतेक कारखान्यांनी जशीच्या तशी स्वीकारली.

परंतु खळगा म्हटला की त्यात चिखल भरणार. क्लीट जबड्यात उतरण्यास काही मिलिमीटरांची मोकळी जागा लागते. चिकण मातीने, बर्फाने वा एखाद्या बारीक खड्याने ती जागा व्यापली की क्लीट पुरी बसत नाही, आणि तिसऱ्याच प्रकारचे अपयश उद्भवते: पाय बसल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो. स्कीच्या दुहेरी वर्गीकरणात याला जागा नाही, कारण स्कीवाला एकदा उभा राहून बूट बसवतो आणि निघतो. डोंगरी स्वाराला हेच काम चालत्या सायकलवर वारंवार करावे लागते. आरंभीच्या पेडलाचे अंग पेटीसारखे भरीव असल्याने चिखल आत दाबला जाई व तेथेच राही. पुढील आवृत्त्यांत ते उत्तरोत्तर मोकळे होत गेले.

प्रतिस्पर्ध्यांनी चिखलाची निरनिराळी उत्तरे काढली. ओन्झा या अमेरिकन कंपनीने स्प्रिंगऐवजी रबरासारख्या लवचीक पदार्थाचे ठोकळे बसवले. यंत्र साधे झाले, पण असा पदार्थ थंडीत कडक होतो. म्हणजे सकाळी आणि दुपारी एकाच पेडलाची सुटका वेगळी. बेल यांनी लूकनंतर ज्या टाइम कंपनीच्या पेडलांची रचना केली, तिने १९९० च्या दशकात अटॅक हे डोंगरी पेडल काढले. त्यातील जाड, गोल तारेच्या कमानी चिखल कापीत बसतात. २००१ मध्ये क्रँक ब्रदर्स या कंपनीचे एगबीटर आले. अंडी घुसळण्याच्या रवीवरून नाव पडलेल्या या पेडलाला जवळजवळ अंगच नाही. आसाभोवती तारेच्या चार कमानी फिरतात आणि पाय चारही बाजूंनी बसतो. चिखल साठण्यास तेथे जागाच उरत नाही. त्याची क्लीट पितळेची असल्याने पोलादाहून लवकर झिजते, आणि ती कोणत्या बुटाला लावली यावरून सुटकेचा कोन १५ किंवा २० अंश होतो. याचा अर्थ असा की डावी-उजवी अदलाबदल झाली तरी पेडल बदलल्याइतका फरक पडतो.

यंत्रे अशी सुधारत असता एक अपयश मात्र जसेच्या तसे राहिले, आणि ते सर्वांत गंभीर आहे. क्लीट दोन स्क्रूंनी आवळलेली असते. त्यांपैकी एक गळून पडला व दुसरा सैल राहिला, तर टाच वळवल्यावर बूट त्या एका स्क्रूभोवती फिरतो आणि क्लीट जबड्यात जागच्या जागी राहते. पेडल निर्दोष, स्प्रिंग योग्य, स्वाराची हालचालही बरोबर. तरी सुटका नाही. मग बुटातून पाय काढण्यावाचून उपाय उरत नाही, आणि उतारावर तेवढा अवधी नसतो. पेडलांची तुलना करणारे बहुतेक लेखन धारवे, वजन व चिखल यांत रमते; एका लहानशा स्क्रूकडे त्याचे पुरेसे लक्ष जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. नव्या क्लीटचे स्क्रू पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत, ही सूचना जाणते कारागीर देतात, ती याचसाठी.

ताकदीच्या कोष्टकाचा मुद्दा येथे येतो. शिमानोच्या पेडलांत स्प्रिंगचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येतो. एगबीटरमध्ये तो बदलता येत नाही. जेथे तो बदलता येतो तेथेही सर्व कंपन्यांना समान असा आकडा नाही. परिणामी स्वार आपला ताण पडून-झडून ठरवतो. शिमानोने नवख्यांसाठी दुसरीही वाट काढली: केवळ बाजूला वळवून सुटणाऱ्या एसएच-५१ या क्लीटबरोबर, टाच उचलूनही सुटणारी एसएच-५६ ही बहुदिश क्लीट दिली. घाबरलेला माणूस पाय वळवीत नाही, वर ओढतो, हे तीत ओळखलेले आहे. पण चढावर जोर लावतानाही पाय वर ओढला जातो, आणि मग तीच क्लीट नको तेव्हा सुटते. सुटका वाढवली की पकड घटते, हा जुना हिशेब येथेही चुकत नाही.

वर ओढण्यात लाभ किती, याविषयीचा जुना विश्वासही ढळला आहे. पेडल वर ओढण्याने बलाची दिशा सुधारते, परंतु शरीराच्या ऊर्जेच्या हिशेबात कार्यक्षमता उलट घटते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रायोगिक अभ्यासात दिसून आले. मग डोंगरावर क्लिपलेस पेडलाचा लाभ उरतो तो मुख्यतः धक्क्यांत पाय जागेवर राहण्याचा. याच ठिकाणी ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलचे उदाहरण पुढे केले जाते. त्याने साधी सपाट पेडले वापरून उताराच्या शर्यतीची जागतिक अजिंक्यपदे २००६, २००७ व २०१० मध्ये मिळवली आणि २०१७ ते २०१९ अशी सलग तीन वर्षे एंड्युरो जागतिक मालिका जिंकली. एका असामान्य स्वारावरून नियम बांधणे योग्य नव्हे. त्याचे बहुतेक प्रतिस्पर्धी क्लिपलेसच वापरीत होते. तथापि सपाट पेडलाची पकडही यंत्रावाचून आलेली नाही. पेडलावरील उंच खिळे आणि बुटाचा चिकट रबरी तळ मिळून ती तयार होते, आणि फाइव्ह टेन कंपनीचे ते रबर मुळात कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांच्या बुटांसाठी बनवलेले होते.