नथिंग बट अ मॅन (ध्वनिमुद्रिका)
मायकेल रोमर दिग्दर्शित त्याच नावाच्या स्वतंत्र अमेरिकन चित्रपटाचा (१९६४) मोटाउन कंपनीने काढलेला सोल व रिदम अँड ब्लूज गीतसंग्रह. अलाबामातील रेल्वेमजूर डफ व शिक्षिका जोसी यांच्या संसाराची ही चित्रपटकथा. मार्था अँड द व्हँडेलाज, द मिरॅकल्स, मेरी वेल्स, स्टीव्ही वंडर यांची गाणी बहुतांशी आधीच गाजलेली; त्यामुळे संग्रह म्हणून त्यात नवे थोडेच. चित्रपटात मात्र ती पार्श्वसंगीतासारखी वरून ओतलेली नाहीत. बारमध्ये, रेडिओवर, पात्रांच्या रोजच्या जगण्यात ती वाजत राहतात, आणि तिथेच त्यांचे खरे मोल कळते. जोसी साकारणारी अ‍ॅबी लिंकन स्वतः नामवंत जॅझ गायिका. पण या संग्रहात तिचा आवाज नाही. चित्रपटाचा १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला.