पाताळातली बिऱ्हाडं

संकट आधी आणि सरकारी बंदोबस्त मागाहून, हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो अशी आपली उगीचच एक समजूत आहे. साहेबाच्या राजधानीतही तेच. १९४० साली लंडनवर जर्मन बाँब कोसळू लागले, तेव्हा भुयारी रेल्वेच्या स्टेशनांखाली आणखी खोल निवारे खणायचं ठरलं. रेल्वेच्याही खाली! असे आठ निवारे तयार झाले १९४२ साली. तोवर रोजचा भडिमार कधीच थांबला होता. सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, १९४४ मध्ये वैमानिकाविना येणारे उडते बाँब सुरू झाले आणि आठांपैकी पाच निवारे अखेर जनतेला उघडले.

एकेका निवाऱ्यात दोन लांबलचक बोगदे, प्रत्येकाला वर-खाली दोन मजले, आणि खाटा ८,०००! अख्खं तालुक्याचं गाव एका जिन्याखाली. क्लॅपहम साउथच्या निवाऱ्यात बोगद्यांच्या भागांना आरमारी सेनापतींची नावं दिली होती. ते ठीकच, रात्री पाणी प्यायला उठून पुन्हा आपल्याच खाटेवर परतायचं, म्हणजे दर्यावर्दीचंच काम.

युद्ध संपल्यावर या बोगद्यांतून जलद गाड्या सोडायच्या, असा मूळचा बेत. गाडी आजतागायत आलेली नाही. मग घरच्या माळ्याचं होतं तेच झालं. कुठे कागदपत्रांचे गठ्ठे गेले, कुठे टेलिफोन एक्स्चेंज. गूज स्ट्रीटला युद्धात आयसेनहॉवरच्या लष्कराची संदेशयंत्रणा होती. पुढे तिथे सैनिक मुक्कामाला राहत, ते १९५६ च्या आगीनंतर बंद झालं. क्लॅपहम कॉमनच्या निवाऱ्यात तर २०१५ पासून काही वर्षं दिव्यांच्या उजेडात भाजी पिकवली. जमिनीखाली ३३ मीटरवर कोथिंबीर! आपल्या मंडईत तिला 'ताजी, मळ्यातली' म्हणायची सोय उरली नसती.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही अशी, क्लॅपहम साउथची. जून १९४८ मध्ये 'विंडरश' बोट शेकडो कॅरिबियन माणसांना घेऊन टिलबरीला लागली. त्यांतले कित्येक जण युद्धात साहेबाच्याच विमानदळात राबलेले. राहायला जागा नसलेल्या २००हून अधिक जणांना सरकारने या निवाऱ्यात उतरवलं. उन्हातली, समुद्रकाठची माणसं; आणि मायदेश म्हणून ज्याचं नाव शाळेत घोकलं, त्याने पहिल्या रात्री दिली जमिनीच्या पोटातली खाट. छताच्या वर रेल्वेची घरघर. परक्या गावात जागेसाठी पायपीट केलेल्या कुणालाही ती पहिली रात्र समजावून सांगायला नको.

सकाळी ही मंडळी जिना चढून कामाच्या शोधात निघाली. सर्वांत जवळची कामगारभरती कचेरी ब्रिक्स्टनला, कोल्डहार्बर लेनवर. काम मिळालं, मग जवळच खोल्या बघितल्या, मग भावाला पत्र गेलं, मग मेव्हण्याला. ही साखळी मुंबईच्या गिरणगावाला नवी नाही! काही आठवड्यांत निवारा रिकामा झाला, आणि ब्रिक्स्टन मात्र पुढे कॅरिबियन लंडनचं माहेरघर होऊन बसलं. कचेरी दुसऱ्या दिशेला असती, तर नकाशा निराळा झाला असता.

१९५१ च्या ब्रिटन महोत्सवात त्याच खाटा पाहुण्यांसाठी स्वस्त हॉटेल म्हणून भाड्याने दिल्या. भिंतींवर अशा मुक्कामांत कोरलेली नावं अजून दिसतात.