पेठांचा फुटबॉल, कंपन्यांचा फुटबॉल आणि आपलं मैदान

आज राजकारण बाजूला ठेवून फुटबॉलवर लिहितोय. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या सिंदी मेघेपर्यंत येणार आहे.

महाराष्ट्रात फुटबॉल म्हटलं की बहुतेकांना मुंबई आठवते. बरोबरच आहे. रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ साली, हारवूड लीग १९०२ साली. सुरुवातीला सगळा कारभार गोऱ्या पलटणींचा. रोव्हर्स कप जिंकायला आपल्या माणसांच्या संघाला १९३७ साल उजाडलं, आणि तो संघही बंगलोरचा होता, बंगलोर मुस्लिम्स.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचा फुटबॉल कंपन्यांनी सांभाळला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, महिंद्रा. पोरगा चांगला खेळला की नोकरी लागायची. कागदावर कारकून, प्रत्यक्षात स्ट्रायकर. याला कोणी अर्धव्यावसायिक म्हणो, पण शेकडो घरांची चूल त्यावर पेटली. खेळ सुटला तरी पगार चालू, म्हणून आईबापही पोराला मैदानावर जाऊ देत.

मग काळ बदलला. १९९६ ला राष्ट्रीय लीग आली, खर्च वाढला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ साली ती लीग जिंकली, आणि २०१० मध्ये मालकांनी संघच बंद केला. देशाचं विजेतेपद मिळवलेला संघ एका निर्णयात संपला. रस्त्यावर कोणी उतरलं नाही, कारण तो संघ कोणत्या मोहल्ल्याचा नव्हता. रोव्हर्स कप त्याच्या आधीच बंद पडला होता.

आता कोल्हापूरकडे चला.

शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ चं. पेठापेठांत कुस्तीच्या तालमी. राजाराम महाराजांच्या काळात, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. लोक तिला केएसए म्हणतात. १९४९ साली संस्थान विलीन झालं, पण फुटबॉल काही विलीन झाला नाही! राजाश्रय गेला, पेठेचा आश्रय राहिला.

संघांची नावंच बघा ना. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, आणि तिच्याच नावाने अकरा पोरं बूट घालून उतरतात. जे मंडळ गणपती बसवतं, तेच संघ चालवतं. वर्गणी तीच, कार्यकर्ते तेच. दिवाळीच्या आसपास हंगामाची तयारी, पावसाच्या आत शेवट. वरिष्ठ गटात सोळा संघ, तळाला गेलात तर खालच्या गटात. शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून जातात. कोणत्याही मोठ्या वाहिनीशिवाय ही लीग एवढी वर्षं टिकली, ती याच बळावर.

याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. वडील रिक्षा चालवायचे.

पण फक्त गोडवे गाणं पत्रकाराचं काम नाही. पेठेची ईर्षा तिथे अनेकदा हाणामारीपर्यंत गेली आहे. सामने थांबले, पोलिसांचा बंदोबस्त वाढला. शिवाय जिंकायच्या नादात पैसे मोजून बाहेरचे खेळाडू आले, काही तर थेट नायजेरियाचे. खेळाचा दर्जा वाढला, हे खरं. पण पेठेतला पोरगा बाकावर बसला, हेही खरं. आपलेपणावर उभी राहिलेली लीग आपल्याच पोराला बसवून ठेवत असेल, तर ती उद्या कशावर उभी राहणार? हा प्रश्न तिथल्या जुन्या माणसांनी विचारायलाच हवा.

आणि आपण? विदर्भात फुटबॉल नाही असं म्हणू नका. कामठीची छावणी १८२१ ची, आणि कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव नागपूरच्या मैदानांवर कोणालाही विचारा. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, 'झुंड' सिनेमा त्यावरच आला. वर्ध्याच्या जवळपासच हे सगळं घडलं आहे.

मग आपल्याकडे काय कमी आहे? पोट्टे आहेत, पायात दम आहे. आपल्याकडे गणपती-दुर्गेची मंडळंही आहेत, वर्गणीही जमते. कमी आहे ती जागा. सिंदी मेघेत शेतं गेली, ले-आऊट आले. ले-आऊट पाडताना खुली जागा सोडावी लागते, कायदाच आहे. सोडलेली जागा नकाशावर दिसते. पण तिथे खेळता येईल अशी किती ठिकाणं उरलीत, ते आपल्या ले-आऊटमध्ये एक चक्कर मारून मोजा. कुठे सभागृह, कुठे शेड, कुठे बांधकामाची गिट्टी-रेती. आणि यात फक्त पुढाऱ्यांचा दोष नाही. आपणच 'सभागृह पाहिजे' म्हणून निवेदन देतो. 'मैदान पाहिजे' म्हणून किती निवेदनं दिली?

मला या इतिहासातून एवढंच कळतं. कंपनीचा संघ कंपनीबरोबर जातो, राजाचा संघ राजाबरोबर जाऊ शकतो. मोहल्ल्याचा संघ मोहल्ला असेपर्यंत राहतो, पण त्याला उतरायला मैदान लागतं. शाहू स्टेडियम नको, खासबाग नको. दोन गोलपोस्ट मावतील एवढी मोकळी जागा पुरे.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा विचार आहे. आपल्या ले-आऊटची खुली जागा कुठे आहे आणि आज तिथे काय उभं आहे, ते कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर टाका. यादी करू, आणि यादी घेऊनच जाऊ.