एक रत्तल धान्य

लंडनच्या सर विल्यम गल यांनी 1873 मध्ये जेवण टाकून हाडांचा सापळा झालेल्या मुलींचा आजार मांडला. घरं खाऊनपिऊन सुखी. आजाराला नाव पडलं ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’. तीनच वर्षांनी आमच्या सोलापूर जिल्ह्यात पावसानं दगा दिला. इथं जेवण टाकायला पानात काही होतंच कुठं!

मी जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवली. म्हणून या दुष्काळाचं वाचताना माझं बोट एकाच आकड्यावर थांबतं. 1877 च्या सुरुवातीला हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी ठरवली: दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे. रत्तल म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी धरली तर जेमतेम सोळाशे कॅलरी. दिवसभर खडी फोडणाऱ्याला याच्या दुप्पट तरी लागतात. शिवाय नुसत्या ज्वारीत लायसिन कमी; ते डाळीनं भरून निघतं, आणि डाळ त्या थोड्या पैशांतच बसवायची. हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं अर्जांवर अर्ज केले. मद्रासचे डॉक्टर कॉर्निश यांनीही एवढ्यावर अंगमेहनत होत नाही असं ठणकावलं.

अन्न कमी पडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. पेशींना ऑक्सिजनच्या माऱ्यापासून राखणारं ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांचं बनतं. प्रथिनं आटली की तेही आटतं. अंगावर सूज आलेल्या कुपोषित मुलांच्या तांबड्या पेशींत ते घटलेलं मोजलं गेलंय. दुष्काळात असं रक्त कोण तपासणार होतं? अ‍ॅनोरेक्सियाच्या मुलींचं तपासतात, तर हिशेब सरळ लागत नाही: पेशी राखणारं ई जीवनसत्त्व कुठं कमी, कुठं ठीक, कॅरोटीन तर उलट चढलेलं, इतकं की तळहात पिवळे दिसतात. आमच्याकडे हल्ली डाळिंबाचा रस ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून खपतो. पण अ‍ॅनोरेक्सियाच्या मुलीला आधी वरणभात हवा, तोही बेताबेतानं. एकदम पोटभर घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि जिवावर बेतू शकतं.

पुढं 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारी नियम झाले. त्यातल्या मजुराच्या शिध्यात धान्याचं माप वाढलं, आणि धान्याच्या खाली डाळ आली, मीठ आलं, थोडं तूपसुद्धा.