जुन्या डिझेल मोटारीची पूर्वपीठिका

ब्रिटनमध्ये ज्याला नोकरीधंद्यासाठी रोज शंभर-सव्वाशे मैलांची मजल मारावी लागते आणि नवी गाडी घेण्याइतकी ज्याची ऐपत नसते, तो मनुष्य बहुधा दहा-बारा वर्षे वापरलेली डिझेल मोटार शोधू लागतो; आणि तिच्या काट्यावर लाखाहून अधिक मैल पडलेले पाहूनही तो फारसा बिचकत नाही. हा विश्वास एका पिढीत उपजलेला नाही; त्याचे मूळ थेट या यंत्राच्या जन्मकथेपर्यंत जाऊन पोहोचते.

वाफेचे यंत्र कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते आणि उरलेली वाया दवडते, या अपव्ययाने रुडॉल्फ डिझेल हा तरुण अभियंता अस्वस्थ झाला होता. हवा अतिशय दाबली असता ती इतकी तापते की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते, या तत्त्वावर त्याने रचलेल्या यंत्राची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे रीतसर चाचणी झाली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक अंश प्रत्यक्ष कामात उतरला. काटकसर हा या यंत्राला मागाहून चिकटलेला गुण नव्हे. त्या एका हेतूनेच ते जन्माला आले. मात्र ते इतके अवजड होते की बराच काळ त्याची वसती कारखान्यांत आणि जहाजांवरच राहिली.

इंधन फवारणारा आटोपशीर पंप बॉश या कंपनीच्या कारखान्यातून १९२७ पासून निघू लागला आणि मोटारीची वाट मोकळी झाली. १९३६ च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने ‘२६० डी’ ही गाडी मांडली. तिची शक्ती अवघी ४५ अश्वशक्ती आणि आवाज खडखडाटी. परंतु तशाच पेट्रोल गाडीला शंभर किलोमीटरला सुमारे तेरा लिटर इंधन लागत असता हिचे काम नऊ-साडेनऊ लिटरांत भागे. तिचे मोल प्रथम ओळखले ते टॅक्सीवाल्यांनी, आणि मला यात मोठे औचित्य दिसते. कारण इंधनाचा हिशेब ज्यांच्या रोजच्या भाकरीशी जोडलेला असतो, त्यांच्याइतका चोख पारखी दुसरा कोण असणार?

या यंत्राला साजेसे रस्ते ब्रिटनमध्ये पुढे आले. प्रेस्टन शहराला वळसा घालणारा सुमारे आठ मैलांचा रस्ता डिसेंबर १९५८ मध्ये खुला झाला. तो ब्रिटनचा पहिला मोटरवे, म्हणजे द्रुतगती मार्ग. पुढल्याच वर्षी ‘एम १’ या मोटरवेचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि थांबा-निघा यांचा जाच नसलेल्या, एकसारख्या वेगाने तासन्‌तास चालणाऱ्या प्रवासाची सवय लोकांच्या अंगवळणी पडू लागली. अशा मार्गावर डिझेल इंजिन वरच्या गिअरमध्ये मंद फेऱ्यांनी, न कुरकुरता ओढत राहते. गार इंजिन सुरू करण्याचे प्रसंग थोडे, क्लच आणि ब्रेक यांची झीजही थोडी. म्हणून शहरातल्या गल्लीबोळांत फिरलेल्या पन्नास हजार मैलांपेक्षा द्रुतगती मार्गावरील लाख मैल इंजिनाला सुसह्य असतात, हे जाणत्यांचे मत मला पूर्णपणे ग्राह्य वाटते. गाडीचा काटा पाहण्याआधी तिच्या सर्व्हिसिंगचे दप्तर पाहावे, तेल वेळच्या वेळी बदलले काय, टायमिंग बेल्ट मुदतीत नवा घातला काय, हे तपासावे. आणि सौदा ठरण्यापूर्वी पहाटे, इंजिन पुरते गार असताना, ते आपल्यासमक्ष सुरू करवून घ्यावे.

१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले, १९७६ मध्ये फोक्सवॅगनची डिझेल गोल्फ आली. पण ब्रिटनमधील सामान्य गिऱ्हाइकाचे मन वळवण्यात मोठा वाटा प्यूजो-सित्रोएनच्या ‘एक्सयूडी’ इंजिनाचा आहे. १९८२ पासून निघालेले, ओतीव लोखंडाच्या ब्लॉकचे हे इंजिन प्यूजोच्या २०५, ४०५, ३०६ या गाड्यांत तर बसलेच, शिवाय रोव्हरसारख्या परक्या घराण्यातही नांदले. कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याने अशी गाडी काही वर्षे देशभर पिटाळावी, कंपनीने ती विकून टाकावी आणि दुसऱ्या मालकाने अल्प किमतीत घेऊन तितकीच पुन्हा चालवावी, अशी वहिवाटच पडून गेली. याच प्यूजो घराण्याचे एक धाकटे, दीड लिटरचे डिझेल इंजिन पुढे आपल्या कल्याणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या ‘३०९’ मध्ये आणि मारुतीच्या डिझेल झेनमध्येही आले.

१९९७ मध्ये इंधन फवारण्याच्या ‘कॉमन रेल’ या नव्या पद्धतीने यंत्र अधिक शांत आणि अधिक नाजूक झाले. २००१ पासून ब्रिटिश सरकारने मोटारीवरील कर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बेतला, तेव्हा कमी इंधन जाळणाऱ्या डिझेलवाल्यांचे फावले; परंतु काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचा हिशेब त्या कर-आकारणीत पुरेसा धरलेला नव्हता, आणि ही चूक शहरांतील माणसांच्या फुफ्फुसांनी सोसली, हे लिहिताना मन विषण्ण होते. काजळी अडवणारी गाळणी पुढे सक्तीची झाली. ती साफ होण्यासाठी धुराची उष्णता बराच वेळ टिकावी लागते, म्हणजे लांबचा प्रवास घडावा लागतो. तेव्हा केवळ बाजारहाटासाठी अशी गाडी घेणाऱ्याला गाळणी तुंबल्याचा भुर्दंड बसतो.

ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या साऱ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांत, ‘युरो ६’ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या बहुतेक डिझेल मोटारींना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. त्यामुळे लीड्सहून ‘एम १’ ने दक्षिणेकडे निघालेला जुन्या गाडीचा मालक आता लंडनच्या वेशीबाहेर वॉटफर्डलाच ती उभी करतो आणि उरलेली वाट रेल्वेने धरतो.