कोठार कुणासाठी उघडतं

माझ्या आजीचं माहेर घोड नदीच्या काठचं, शिरूर तालुक्यात इनामगावच्या जवळपासचं. नदीला लागून पांढऱ्या मातीची टेकाडं होती. उन्हाळ्यात लोक बैलगाडी घेऊन जायचे आणि तिथली माती खणून शेतात टाकायचे, कारण पांढरीची माती पिकाला मानवते. त्या मातीत तांबडी खापरं निघायची, वर काळ्या रंगाची नक्षी. एखादा मणीही सापडायचा आणि पोरी तो पदरात बांधून ठेवायच्या. ही खापरं कुणाची, असं तिने वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "जुनं गाव होतं. पाणी रुसलं आन् गाव उठलं."

१९६८ पासून पुढे पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी ते टेकाड हात-हात उकललं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. पणजोबांचं "जुनं गाव" निघालं साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. लोखंड अजून यायचं होतं. तांब्याची थोडी हत्यारं, गारगोटीची पाती आणि पक्की शेती. गहू, जव, कडधान्यं, तीळ, सगळं जळक्या दाण्यांच्या रूपात हाती लागलं. घरं चौकोनी, ऐसपैस. नदीच्या पुराचं पाणी वळवून शेताला देण्यासाठी त्यांनी दगडमातीचा बांध घातला होता आणि पाट खोदला होता. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर होतं आणि त्या घराला धान्याचं कोठार जोडलेलं होतं. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला. गावचा मुख्य असावा असं अभ्यासक मानतात.

बाकीची माणसं घरातच पुरलेली. तान्ही मुलं दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, जमिनीखाली. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले. मेलेल्याने घर सोडून भटकू नये म्हणून असं करत असावेत, हा त्यातला मनाला पटणारा अर्थ. पुढे जिवंत माणसांवरच घर सोडायची पाळी आली, हे वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकतं.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास गावाची कळा बदलते. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. गुरं कमी होतात, शेळ्यामेंढ्या वाढतात. भांडी ओबडधोबड होतात. शेतकरी हळूहळू मेंढरांमागे हिंडू लागतो आणि ७०० च्या आसपास टेकाड ओस पडतं. प्रवरेकाठचं दायमाबाद त्याआधीच उठलं होतं. ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा जिथे सापडले ती श्रीमंत वस्ती. ढवळीकरांनी याचं कारण कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधलं. संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या लहान मुलांची हाडं तपासली. उत्तरकाळातल्या बाळांची वाढ खुंटलेली दिसते, असं त्यांनी मांडलं आणि केवळ पावसावर बोट ठेवण्याला हरकत घेतली. जमीन आणि भोवतालचं रान माणसांनी कसं वापरलं, हेही बघा असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पाऊस चौघांवर सारखाच कमी पडतो. पण पोराच्या हाडात तो उतरतो की नाही, हे त्या गावचं कोठार कुणासाठी उघडतं यावर ठरतं.

ही समज मला पुस्तकाच्या आधी आजीने दिली. तिच्या तोंडी दुर्गादेवीचा दुष्काळ असायचा. बारा वर्षं पाऊस नाही, आईने लेकरू विकलं, गावंच्या गावं रिकामी. इतिहासात तो १३९६ पासून धरतात. त्याने मुलूख इतका उजाड झाला की १४२९ मध्ये बहामनी दरबाराला गावं पुन्हा वसवायला माणसं पाठवावी लागली. त्यांतले दादो नरसो काळे. कुळाला पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याच्या तोबऱ्याभर धान्य, एवढीच मागणी. गाव मोडायला दुष्काळ पुरतो. ते पुन्हा उभं राहायला मात्र कुणाला तरी आपला हक्क सोडावा लागतो.

दामाजीपंतांची गोष्टही आजी त्याच दुष्काळाला जोडून सांगायची. मंगळवेढ्याचं सरकारी कोठार पंतांनी भुकेल्यांसाठी उघडलं, बेदरच्या बादशहाने पकडून आणायला माणसं धाडली आणि विठोबा विठू महाराच्या रूपात जाऊन सगळी रक्कम भरून आला. विठोबा आला या भागाशी तिचा आवाज भरून यायचा. मला मात्र कायम आधीचा क्षण दिसतो. कुलूप काढताना दामाजींना ठाऊक होतं, हे आपलं नाही आणि याची शिक्षा आहे.

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट ती वेगळ्या आवाजात सांगायची, कारण तेव्हा ती स्वतः खडी फोडत होती. तांबडा मिलो, केंद्रावर मिळणारी सुकडी, हातांचे फोड. बैल विकले त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत. पण "कुनी मेलं न्हाई रं उपाशी" हे वाक्य ती दरवेळी घालायची. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७ मध्ये कायदा झाला. याच मुलखात १८७६ ते ७८ च्या दुष्काळात माणसं रस्त्याकडेला पडली होती. दोन्ही वेळी आभाळ कोरडंच होतं.

माझी मावशी दिली ती धुळे जिल्ह्यात, पांझरेकाठी. कमी पाणीही वाटून घेण्याची रीत मला तिथे कळली. तिचे सासरे, सगळे आप्पा म्हणतात, आता नव्वदीला टेकलेत. त्यांच्याकडून मी फड पद्धत समजून घेतली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली लाभाची सगळी जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. शेतकऱ्याचं शेत एकाच ठिकाणी नसतं. शक्यतो प्रत्येक फडात त्याचा एक तुकडा. पाणी कमी असलं की बैठकीत ठरतं, यंदा दोनच फड भिजवायचे किंवा एकच. मग राहिलेल्या फडांतला सगळ्यांचा तुकडा कोरडा राहतो आणि भिजणाऱ्या फडात सगळ्यांचा भिजतो. पाटकरी पाणी देतो, जागल्या पिकाची राखण करतो, हवालदार दोघांवर नजर ठेवतो आणि त्यांची मजुरी धान्याने. मी आप्पांना विचारलं, "पाटाच्या तोंडाशी ज्याची जमीन, तो जास्त पाणी ओढत नाही का?" ते म्हणाले, "ओढून नेणार कुठे, पोरा? त्याचाच दुसरा तुकडा शेवटाला आहे ना."

तीनेकशे वर्षं हे चाललं, किती राजवटी आल्या-गेल्या तरी. विलासराव साळुंखेंनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली, तिच्या मुळाशीही असंच कलम होतं. पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही.

आप्पांच्या गावचा बंधारा अजून आहे. पण वरच्या अंगाला धरण झालं आणि नदीचं पाणी बेभरवशाचं झालं. रानोरान बोअर पडले. बोअरच्या पाण्याला पाटकरी लागत नाही आणि बैठकही लागत नाही. आप्पांचा नातू गुणी आहे, कष्टाळू आहे. तो म्हणाला, शेजाऱ्याने सहाशे फुटांवर नेलं म्हणून आम्हालाही जावं लागलं. त्यासाठी त्याने कर्ज काढलंय. या वस्तीत मला इनामगावची ती गोल झोपडी दिसू लागते आणि मी गप्प बसू शकत नाही. दिवाळीनंतर तिथे बैठक घ्यायचं ठरलंय, फडाचे नियम बोअरच्या पाण्याला कसे लावायचे या एकाच विषयावर. आप्पांनी एकच अट घातली आहे: शेवटाकडच्या रानवाल्यांना आधी बोलवा, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.