साक्षीच्या पिंजऱ्यातील पूर्वज

अमेरिकेत १९५७ ते १९६६ या काळात दूरचित्रवाणीवरून दाखविल्या गेलेल्या ‘पेरी मेसन’ या मालिकेचे २७१ भाग आजही पुनःपुन्हा पाहणारी माणसे आहेत. खुनी कोण हे एकदा कळल्यावर पुन्हा पाहण्यात मौज ती काय, असे कोणी विचारील. परंतु दुसऱ्या खेपेस आपले लक्ष खुन्याकडे नसतेच; ते साक्षीदारांकडे असते. हा मनुष्य जे सांगतो ते त्याला कसे ठाऊक, आणि ते सांगण्यात त्याचा लाभ कोणता, हे दोन प्रश्न मनात घोळू लागतात. मेसनचा जनक अर्ल स्टॅन्ली गार्डनर हा स्वतः कॅलिफोर्नियातील वकील. उलटतपासणीचे मर्म त्याला पक्के ठाऊक होते. आपल्या घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्याने वंशावळीच्या भेंडोळ्यास हात घालण्यापूर्वी हे दोन प्रश्न पाठ करावेत. कारण महाराष्ट्रातील कुलेतिहासाचा मोठा भाग मुळी कज्ज्यातच जन्मला आहे.

पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेची. भाऊबंदांत वाद माजला म्हणजे तो गोतसभेपुढे जाई, आणि वादी-प्रतिवादी आपापला ‘करीना’ लिहून देत. करीना म्हणजे मूळ पुरुषापासूनची हकीकत: गाव कोणी वसविले, वडीलकी कोणत्या भावाची, परागंदा कोण झाला, मागाहून येऊन वतन कोणी बळकाविले. सभा साक्षी घेई, निवाड्याचा महजर लिही, आणि त्यावर सभासद आपापली निशाणी करीत. पाटलाची निशाणी नांगराची. साक्षीपुराव्याने निकाल लागेना तेव्हा दिव्याचा आश्रय करीत. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढणाऱ्या हातावर वतनाचे भवितव्य ठरे. पुढे कंपनी सरकारच्या इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्यान्वये इनामदारांकडे हक्काचा पुरावा मागितला, तेव्हा कैफियतींची आणखी रास पडली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल सोडून बसणाऱ्यास आपले खापरपणजोबा भेटलेच तर ते बहुधा असे, साक्षीच्या पिंजऱ्यात उभे असलेले भेटतात. आणि पिंजऱ्यातला मनुष्य आपला पूर्वज असला तरी पक्षकारच असतो.

याचे सर्वांत भव्य उदाहरण महाराष्ट्राबाहेर, तंजावरास आहे. तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा मराठी इतिहास १८०३ साली दगडावर कोरविण्यात आला. कोरविणारे राजे दुसरे सरफोजी. तो प्रचंड लेख पाहून प्रवासी थक्क होतो. त्याने प्रथम लेखाचे साल पाहावे. तुळजाराजांनी १७८७ साली, मृत्यूच्या थोडे आधी, सरफोजींना दत्तक घेतले. राजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी हरकत घेतली. मुलगा दहा वर्षांचा झालेला, शिवाय जन्मदात्याचा एकुलता एक. पंडितांनी दत्तविधान अशास्त्र ठरविले आणि गादी अमरसिंहांस मिळाली. पुढे कंपनी सरकारने दुसऱ्या पंडितांचे मत घेतले, तेच दत्तविधान सशास्त्र ठरले, आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आले. शास्त्र तेच, मुलगा तोच. पंडित तेवढे बदलले! पण दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. ज्याचे पुत्रत्व वादात सापडले आणि ज्याच्याजवळ राज्याऐवजी घराण्याचे नाव तेवढे उरले, त्याने आपली वंशावळ पुसता न येणाऱ्या दगडावर लिहावी यात नवल नाही. लेख खोटा आहे असे मुळीच नव्हे. मात्र तो वाद होऊन गेल्यानंतरचा आहे.

आणि येथेच कायदा आपल्या मदतीस येतो. नात्यासंबंधी मृत मनुष्याने केलेले विधान १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्याप्रमाणे ग्राह्य धरता येई, पण ते वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असावे लागे. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला. हे तत्त्व त्यातही टिकून आहे. मग वादापूर्वी बोललेला पूर्वज शोधावयाचा कोठे? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत. यात्रेकरू येतो, उपाध्याय गाव व आडनाव विचारून वही काढतात, आणि तो बाप, आजा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहून सही करतो. त्या वेळी त्याच्यापुढे ना प्रतिवादी असतो, ना वतन. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे गेलेल्या शाखांचा दुवा कित्येकदा या वह्यांतच जुळतो.

जेधे शकावलीचे मोल याच जातीचे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली ही कारीच्या देशमुखांच्या घरची साल-तिथींची टिपणे. तीत शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा नोंदलेला आहे. त्यापूर्वी बखरींवरून १६२७ हे साल रूढ झाले होते. त्या तिथीत जेध्यांना स्वतःसाठी काही मिळवावयाचे नव्हते. त्याच घराण्याचा करीना मात्र थोडा हात आखडून वाचावा लागतो, कारण तेथे जेधे आपल्याविषयी बोलत आहेत.

वह्यांतून आढळतात ती नावेही बहुधा पुरुषांचीच. लेकी सासरी गेल्या की वंशवृक्षावरून गळतात. आजीच्या माहेरचा शोध घ्यावयाचा तर दुसऱ्या गावाची वही काढावी लागते, आणि ती उघडण्यापूर्वी आजीच्या बापाचे नाव तरी घरात कोणास आठवत असावे लागते.